सांधेरोपणाआधी रक्त वाढवा: संधिवाताच्या रुग्णाला रुग्णालयात दाखल करण्यापूर्वीची तयारी

माझ्या आईला आमवात होऊन सतरा वर्षे झाली. गेल्या चार वर्षांत तिच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण झाले. एकाचे आधी आणि दुसऱ्याचे सव्वादोन वर्षांनी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तेच होते, रुग्णालय तेच होते, कृत्रिम सांधाही त्याच प्रकारचा होता. तरीही पहिल्या खेपेला आम्ही तिथे नऊ रात्री काढल्या आणि दुसऱ्या खेपेला चार. दोन्ही डिस्चार्ज कार्डे शेजारी ठेवली की डोळ्यांत भरणारा फरक एकाच ओळीत सापडतो: दाखल होतानाचे हिमोग्लोबिन पहिल्या वेळी ९.४ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) होते आणि दुसऱ्या वेळी १२.८.

एका रुग्णावरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे रक्त कमी असते त्यांना बाहेरचे रक्त अधिक वेळा चढवावे लागते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि मुक्काम लांबतो, हे सांधेरोपणाच्या रुग्णांच्या नोंदींत अनेक देशांमध्ये पुन्हा पुन्हा आढळलेले आहे. आम्हाला ते कोणी वेळेवर सांगितले नाही. मी डॉक्टर नाही आणि औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच करायचा आहे. कोणता प्रश्न, कोणाला आणि किती दिवस आधी विचारायचा, एवढेच मी येथे सांगणार आहे.

बोलताना आपण सगळ्यालाच संधिवात म्हणतो. वयाने झिजलेला गुडघा हा एक प्रकार. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात हा दुसरा. रक्त कमी होण्याची कारणे दोन्हींत सारखी नसतात, म्हणून आपल्या रुग्णाच्या कागदावर नेमके कोणते निदान लिहिले आहे ते आधी वाचून घ्या.

१. शस्त्रक्रियेच्या तारखेच्या सहा ते आठ आठवडे आधी रक्त तपासा

नेहमीची पद्धत अशी असते की शस्त्रक्रियेची तारीख ठरते, मग तिच्या दोन-चार दिवस आधी ‘फिटनेस’साठी तपासण्या होतात आणि भूल देणारे डॉक्टर रुग्णाला पाहतात. आमच्याकडे सोमवारी तपासणीसाठी रक्त दिले आणि शस्त्रक्रिया गुरुवारी होती. ९.४ हा आकडा पाहून सांगण्यात आले की चालेल, दोन बाटल्या रक्त तयार ठेवा. रजा टाकून झालेली होती, गावाहून मावशी येऊन बसली होती, विम्याची मंजुरी आलेली होती. अशा वेळी तारीख पुढे ढकला असे म्हणण्याचे धैर्य कुटुंबात कोणालाही होत नाही, आणि तीन दिवसांत रक्त वाढवण्याचा बाटलीखेरीज दुसरा मार्गही उरत नाही.

अस्थिमज्जेला नव्या तांबड्या पेशी घडवायला वेळ लागतो. योग्य उपचार सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन वाढलेले दिसायला दोन-तीन आठवडे जातात, आणि नेमके कारण शोधायला त्याआधी एखादा आठवडा हवा. म्हणून सहा ते आठ आठवडे. गुडघ्याचे सांधेरोपण सहसा तातडीचे नसते. जो गुडघा पाच वर्षे दुखतो आहे तो आणखी दीड महिना थांबू शकतो. पडून खुब्याचे हाड मोडले असेल तर गोष्ट वेगळी: तिथे थांबण्यानेच नुकसान होते, आणि हा लेख त्या प्रसंगासाठी नाही.

आकडा किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ पेक्षा आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. शस्त्रक्रियेसाठी मात्र २०१७ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने स्त्री-पुरुष दोघांसाठीही १३ हेच लक्ष्य सुचवले, आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे. चाकूखाली दोघांचेही रक्त सारखेच जाते. स्त्रीच्या शरीरात ते मुळातच कमी असते, म्हणून तेवढ्याच रक्तस्रावाचा फटका तिला मोठा बसतो. ‘बायकांचे दहा-अकरा असतेच’ हे वाक्य तुम्हाला दवाखान्यातही ऐकू येईल. ते मनावर घेऊ नका.

२. रक्त कमी असल्याने मुक्काम कसा लांबतो, ते समजून घ्या

ही पायरी कृतीची नाही, पण घरातल्या सगळ्यांना ती पटली नाही तर पुढची कोणतीही पायरी होत नाही.

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर हिमोग्लोबिन साधारण दोन ते तीन ग्रॅमने उतरते. नळीतून बाहेर आलेले रक्त दिसते. मांडीच्या स्नायूंत आणि सांध्याभोवती साचलेले रक्त दिसत नाही, म्हणून घट पहिल्याच दिवशी पूर्णपणे कळत नाही आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत आकडा घसरत राहतो. आईचे ९.४ दुसऱ्या सकाळी ७.३ झाले. त्याच सकाळी फिजिओथेरपिस्ट मॅडम तिला वॉकर धरून उभे करायला आल्या. ती उभी राहिली, दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला, आणि तिच्या ओठांचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. ‘अंधार झालाय गं’ एवढे म्हणून ती पलंगावर मागे टेकली. त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला.

पुढची साखळी ओळीने येते. चालणे लांबले, म्हणून शौचाला पलंगावरच भांडे लागले, बद्धकोष्ठ झाला, जेवण कमी झाले. संध्याकाळी रक्त चढवायला घेतले. एका पिशवीला चार तासांपर्यंत वेळ लागतो. दुसऱ्या पिशवीच्या वेळी थंडी वाजून ताप आला, म्हणून पिशवी थांबवली, नमुने पुन्हा रक्तपेढीत गेले आणि ताप जंतुसंसर्गाचा तर नाही ना, हे पाहण्यात आणखी दोन दिवस गेले. यात कोणाचीही चूक नव्हती. हे सगळे रक्त चढवण्याबरोबर येणारे नेहमीचे धोके आहेत, आणि म्हातारपणी त्यांत शरीरात पाणी जास्त होऊन धाप लागण्याच्या धोक्याची भर पडते.

३. रक्त कमी का आहे, ते शोधा

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या’ हा सल्ला संधिवाताच्या रुग्णाला अनेकदा निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्याकडे रक्त कमी होण्याची दोन-तीन कारणे एकाच वेळी असू शकतात.

पहिले कारण म्हणजे खुद्द आमवाताची सूज, म्हणजे शरीरातला दाह. सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात तयार करते, आणि ते आतड्यातून लोह आत येण्याची व साठ्यातून बाहेर पडण्याची अशा दोन्ही वाटा रोखते. कणगी धान्याने भरलेली आहे, पण कुलूप लागले आहे आणि चुलीवर ठेवायला मूठभर तांदूळ नाहीत, अशी ती अवस्था असते. दुसरे कारण वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटातून होणारी गळती. तिच्याविषयी पुढच्या पायरीत लिहिले आहे. तिसरे कारण बी-१२ आणि फॉलिक ॲसिडची कमतरता: बी-१२ शाकाहारी माणसांत मुळातच कमी असते, पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ते आणखी घटते, आणि मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते. चौथे कारण मूत्रपिंड. वेदनाशामकांनी मूत्रपिंड थकले असेल तर रक्तनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक कमी पडते.

म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. डॉक्टरांना विचारून पुढील तपासण्या एकाच वेळी करून घेता येतात:

– सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पेशींचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी)
– फेरिटिन, सीरम आयर्न आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के भरलेले आहे ते)
– सीआरपी किंवा ईएसआर, म्हणजे सूज किती आहे ते
– बी-१२ आणि फॉलिक ॲसिड
– क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी)
– शौचातून न दिसणारे रक्त जाते का, याची तपासणी

आता दोन सापळे सांगते. आम्ही दोन्हींत अडकलो होतो.

पहिला सापळा फेरिटिनचा. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचे माप मानले जाते आणि निरोगी माणसात ते ३० च्या खाली गेले तर लोह कमी आहे असे म्हणतात. पण सूज आली की फेरिटिन आपोआप वाढते, साठा असो वा नसो. आईचे फेरिटिन ८६ होते. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसत होते, त्यामुळे अहवालावर लाल अक्षर नव्हते, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोह ठीक आहे असे सांगून विषय संपवला. त्याच कागदावर खाली ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ११ टक्के होते आणि सीआरपी २४. सूज असताना फेरिटिन १०० च्या आत आणि सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या आत असेल तर लोहाची खरी कमतरता धरावी, हा निकष मला दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी एका रक्तविकारतज्ज्ञांनी समजावून सांगितला. तोवर तिची दोन वर्षे तशीच गेली होती.

दुसरा सापळा एमसीव्हीचा, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराचा. लोह कमी असले की पेशी लहान होते आणि बी-१२ कमी असले की मोठी. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधोमध येते आणि अहवाल निर्दोष दिसतो. आईचे एमसीव्ही ८४ होते; बी-१२ तपासले तेव्हा ते कमी, १६८ निघाले. अशा वेळी आरडीडब्ल्यू हा पेशींच्या आकारातला फरक सांगणारा आकडा वाढलेला असतो. सीबीसीच्या कागदावर तो छापलेलाच असतो, पण वाचत कोणी नाही.

एक गोष्ट प्रदेशानुसार ध्यानात ठेवायची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आढळतात, आणि सिकलसेलमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तरुण वयात खुबा निकामी होऊ शकतो. पंचविशी-तिशीतला रुग्ण खुब्याच्या दुखण्याने आला असेल तर सिकलसेलची तपासणी राहून जाऊ देऊ नका, कारण त्या रुग्णाची भूल, पाणी, प्राणवायू आणि रक्त चढवण्याची तयारी सगळीच वेगळी असते. त्याचप्रमाणे सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक अधिक आढळतात; त्यांच्या पेशी लहान असतात, पण लोह पुरेसे असते, आणि त्यांना उगाच लोह देत राहणे योग्य नव्हे.

४. गळती कुठे आहे ते पाहा आणि खाल्लेल्या गोळ्यांची खरी यादी करा

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही नावे संधिवाताच्या घरात मिठासारखी असतात. या गोळ्यांनी जठरात व आतड्यात व्रण होऊन रोज थोडे थोडे रक्त जाऊ शकते. पोट दुखेलच असे नाही. शौच डांबरासारखे काळे आणि चिकट होत असेल तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचे असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, त्यामुळे गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा रंग आठवून सांगा.

रुग्णाला एकटे बसवून, रागावणार नाही असे आधी कबूल करून, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्यांबद्दल विचारा. माझ्या आईने डॉक्टरांना ‘कधीतरी एखादी घेते’ असे सांगितले होते. तिच्या उशीखालच्या बटव्यात आम्हाला दहाच्या तीन पट्ट्या सापडल्या, त्यांतली एक नुसते चंदेरी कागद उरलेली. कोणी सांगितलेली ‘गुडघ्याची पुडी’ चालू असेल तर तीही सांगा. लेबल नसलेल्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते, आणि बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णाची माहिती भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून लपली तर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब अचानक घसरू शकतो.

पाळी थांबलेल्या स्त्रीत किंवा पुरुषात लोहाची कमतरता निघाली तर तिचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपी सुचवली गेली तर ‘गुडघ्यासाठी पोटाची नळी कशाला’ असे म्हणून टाळू नका. आतड्याचा कर्करोगही कधीकधी पहिल्यांदा असाच, कमी झालेल्या रक्तातून, कळतो.

५. गोळी की शिरेतून लोह, हे वेळ आणि सूज पाहून ठरवा

वेळ भरपूर असेल आणि सूज फारशी नसेल तर गोळ्यांनी काम होते. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. चहा तिच्या मागेपुढे निदान एक-दोन तास नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. एक गोळी घेतल्यावर सुमारे दिवसभर हेप्सिडिन वाढलेले राहते, म्हणून अलीकडे बरेच डॉक्टर एक दिवस आड गोळी देतात. त्याने पोटाचा त्रासही कमी होतो.

आमवात जोरात असेल तर आतड्याची वाटच बंद असते. मग गोळी कितीही महाग असली तरी तिचा उपयोग थोडा होतो. तिथे शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे चार-पाच फेऱ्या होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत, सुमारे पंधरा मिनिटांत देता येते. किती लोह लागेल याचा एक जुना हिशेब आहे: वजन किलोमध्ये घ्यायचे, त्याला हिमोग्लोबिनचे लक्ष्य आणि आजचा आकडा यांतील फरकाने गुणायचे, आलेल्या संख्येला २.४ ने गुणायचे आणि साठ्यासाठी ५०० मिळवायचे. दुसऱ्या खेपेच्या तयारीला लागलो तेव्हा आईचे वजन ५८ आणि हिमोग्लोबिन ९.९ होते. लक्ष्य १३ धरले तर फरक ३.१, उत्तर सुमारे ९३० मिलिग्रॅम. तिला १००० दिले, बरोबर बी-१२ ची इंजेक्शने दिली, आणि सहा आठवड्यांनी १२.८ आले.

शिरेतून लोह घेताना तीन गोष्टी पाहा. ताप किंवा चालू जंतुसंसर्ग असताना ते घेऊ नये. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसावे, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी येते आणि तिच्यावर उपाय करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच ते घ्यावे. आणि सुईच्या जागी जळजळले किंवा फुगले तर ताबडतोब सिस्टरना हाक मारावी. औषध शिरेबाहेर गेले तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो अनेक महिने जात नाही.

आहाराबद्दल थोडक्यात. बीट आणि डाळिंब यांचा रंग लाल आहे म्हणून त्यांत लोह भरपूर आहे, हा गैरसमज आहे. अळीव, कडधान्ये, पालेभाज्या, लोखंडी कढई आणि बरोबर लिंबू किंवा आवळा, हे सर्व चांगलेच; मांसाहार करणाऱ्यांनी कलेजी खावी. पण दीड महिन्यात तीन ग्रॅम भरून काढणे नुसत्या ताटाला जमत नाही, त्यामुळे ‘आधी खाऊन बघू’ म्हणत महिना घालवू नका.

६. सांध्याची औषधे परस्पर बंद करू नका

शस्त्रक्रिया आली की घरातले कोणीतरी सगळ्या ‘गरम’ गोळ्या बंद करायला सांगते. आमवाताचे औषध बंद झाले की सूज उसळते, आणि सूज उसळली की रक्त पुन्हा उतरते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या संघटनांनी २०१७ मध्ये एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२२ मध्ये सुधारल्या. त्यांनुसार मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड ही औषधे नियोजित सांधेरोपणाच्या काळात चालू ठेवता येतात. आमवातावरची जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शने मात्र थांबवतात आणि पुढच्या इंजेक्शनची वेळ येते त्या सुमारास शस्त्रक्रिया ठेवतात. आमवाताचीच टोफासिटिनिबसारखी गोळी तीन दिवस आधी बंद करतात. रोजचे स्टिरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते. वेदनाशामक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे तारखेसह लिहून मागा. संधिवाताचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या दोघांच्या सूचना जुळत नसतील तर त्यांना एकमेकांना फोन करायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नका.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक इशारा, जो मी पुन्हा पुन्हा देते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. दाखल करताना वॉर्डमधले डॉक्टर घरच्या औषधांची यादी उतरवून घेतात, आणि तिथे ते चुकून रोजच्या रकान्यात गेले तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. माणसे यामुळे दगावलेली आहेत. आमच्या यादीवर मी लाल शाईने ‘फक्त रविवारी’ लिहिले होते आणि तरीही मंगळवारी सकाळी ती गोळी डबीत आली. सिस्टरना दाखवली, त्यांनी लगेच काढून टाकली. डबीतली प्रत्येक गोळी ओळखता येत नसेल तर नाव विचारूनच द्या.

७. कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा

– गेल्या सहा महिन्यांतील सर्व रक्ताचे अहवाल, नवीन सर्वांत वर. हिमोग्लोबिनचे आकडे तारखेसह एका वेगळ्या कागदावर
– चालू औषधांची यादी: नाव, मात्रा, वार, शेवटची गोळी कधी घेतली
– शिरेतून लोह दिल्याची नोंद: औषधाचे नाव, मात्रा, तारीख
– रक्तगट, यापूर्वी रक्त चढवले असल्यास त्याची नोंद व तेव्हा काही त्रास झाला असल्यास तोही. बाळंतपणांची संख्याही सांगा, कारण आधीचे रक्त किंवा गरोदरपण यांमुळे अंगात प्रतिपिंडे तयार होऊन जुळणारे रक्त शोधायला वेळ लागतो.
– ॲलर्जी, पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असल्यास तिचे कागद
– आधार कार्ड, विम्याचे कार्ड व पॉलिसी. सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर आधीच विचारून घ्या. सत्तरीपुढच्या रुग्णासाठी केंद्राचे वेगळे वयवंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. खासगी विमा असेल तर दाखल होण्यापूर्वीच्या तीस किंवा साठ दिवसांतील, त्याच आजाराशी संबंधित तपासण्या व औषधांचा खर्च अनेक पॉलिसींत परत मिळतो. त्यासाठी रक्तक्षयाचे उपचार ‘गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी’ दिले असे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते. आम्हाला पहिल्या खेपेला हे ठाऊक नव्हते.

८. दाखल होताना विचारायचे प्रश्न

भूल देणारे डॉक्टर भेटायला येतील तेव्हा विचारा: आजचे हिमोग्लोबिन किती? रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड देणार आहात का? हे औषध जपानमध्ये १९६२ मध्ये शोधले गेले, स्वस्त आहे आणि सांधेरोपणात त्याने रक्त जाण्याचे प्रमाण बरेच कमी होते. पूर्वी गुठळी झालेली असेल तर मात्र तसे सांगायला हवे. आणखी एक प्रश्न: कोणत्या आकड्याला रक्त चढवाल?

या शेवटच्या प्रश्नाचा थोडा इतिहास आहे. पूर्वी दहाच्या खाली गेले की बाटली लावण्याची रीत होती. खुब्याचे हाड मोडलेल्या सुमारे दोन हजार वयस्कर रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात दहाला रक्त देणे व आठच्या खाली किंवा त्रास होऊ लागल्यावर देणे, यांत रुग्ण चालू लागण्याच्या किंवा दगावण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हापासून अस्थिरोगाच्या शस्त्रक्रियांत आठ हा उंबरठा बहुतेक ठिकाणी पाळतात. छातीत दुखणे, धाप, सतत घेरी अशी लक्षणे असतील तर आकड्याची वाट पाहत नाहीत. म्हणून ‘अशक्त दिसते, एखादी बाटली लावूनच टाका’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, आणि रक्त खरोखर लागले तर एका वेळी एकच पिशवी देऊन पुन्हा आकडा पाहा, असे विचारणे रास्त आहे. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते.

९. वॉर्डमधले पहिले तीन दिवस

उभे राहण्यापूर्वी पाय खाली सोडून पाच मिनिटे बसवा, पाणी पाजा, आणि पहिल्या वेळी शेजारी दोन माणसे असू द्या. वेदनाशामक फिजिओथेरपीच्या अर्धा तास आधी मिळेल असे सिस्टरशी बोलून ठेवा. रोजचे हिमोग्लोबिन स्वतः विचारून कागदावर लिहा. दुसऱ्या खेपेला आईचे १२.८ चे तिसऱ्या दिवशी १०.३ झाले, रक्त लागले नाही, आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ती स्वच्छतागृहापर्यंत वॉकरने गेली. आकडा स्थिर झाल्यावरही रोज सकाळी नळ्या भरून रक्त घेतले जात असेल तर सगळ्या तपासण्या अजून गरजेच्या आहेत का, हे नम्रपणे विचारा; तेही रक्तच जाते.

१०. घरी आल्यावर

गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे रक्त पातळ करणारे औषध देतात, आणि त्याच काळात वेदनाशामकही चालू असते. म्हणजे पोटातून गळती होण्याचा धोका नेमका आता वाढलेला असतो. काळे शौच, वाढती धाप किंवा जखमेतून थांबत नसलेला स्राव दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे सूज असल्यामुळे पोटातून घेतलेल्या लोहाचा उपयोग थोडाच होतो. तरीही डिस्चार्जच्या वेळी बहुधा गोळ्या लिहून मिळतात. चार ते सहा आठवड्यांनी सीबीसी आणि गरज असेल तर लोहाच्या तपासण्या पुन्हा करा. गोळ्या कधी थांबवायच्या ती तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून मागा. आमच्या पहिल्या कार्डावर ती नव्हती, आणि आई आठ महिने, कोणीही न विचारता, रोज रात्री दुधाबरोबर ती गोळी घेत राहिली.